दोन दात आले, दोन गेले

तळ्याच्या कामावरून, ता. पाथर्डी
१२ फेब्रुवारी १९७३, सोमवार

चि. गहिनीनाथास आईचा पोटभर आशीर्वाद. आमी सगळी खुशाल. तुझ्या पायाला उसाचं खोडकं लागलं हुतं, ते बरं झालं का?

मोठी बातमी ही, की तुझ्या लेकाला खालचे दोन दात आले! माझं बोट असं चावतोय, की रडू येतं आन हसूबी. अक्षर वाकडं आलंय, हात जरा ठणकतोय. दुसरी शिकलेली तुझी आई, लावून घे.

आनखी एक आनंदाची गोष्ट. ह्या दुष्काळी कामावर बायांची पोरं सांभाळायला मुकादम छगननं आपली सासू बसवली हुती, आन एका पोरामागं रोज चार आणे घ्यायचा. परवा साहेब कामाच्या मापाला आला, म्हनाला, "सांभाळणारीची मजुरी सरकार देतंय, तुमी कशाला देता?" म्हंजे छगन दोन्हीकडून खात हुता बघ. आता बायांना एक पैसा लागत न्हाई, आन सांभाळणारी मी! चौदा लेकरं हायेत. एक रडलं की बाकीची त्याच्या सुरात.

आपला गाववाला श्रीमंत तुमच्या ऊसतोडीच्या टोळीवर येतोय, त्याच्याच हाती हे पत्र देते. तो तोंडानं काय काय सांगील. त्याच्या आधी हे वाच. बसून वाच.

तुझ्या लंकाचे पुढचे दोन दात गेले. "सासूबाई, घरातले दात तेवढेच राहिले," असं तीच म्हनते सुजल्या तोंडानं. हजेरीला ती बोलली, "छगनभाऊ, आजपासून चार आणे न्हाईत." त्यानं फावड्याचा दांडा तिच्या तोंडावर हाणला. तीन पहारी बांधून आमी झोळी टांगली हुती, त्या झोळीला लाथ घातली. झोळी खाली. आत तुझा लेक. त्याला खरचटलंसुदीक न्हाई, तुझी आण.

माझ्या हातात खडी फोडायचा हातोडा हुता. छगनचं कोपर ढेकळावानी फुटलं. तो पडला. मग गुडघ्यावर घातला. हे कुणाला बोलले न्हाई, तुला सांगते. दुसऱ्या घावाचं कारण न्हवतं. बरं वाटलं म्हून घातला.

फौजदार आला, तर चाळीस बाया म्हनाल्या, "आमीच मारलं." त्यानं वही मिटली. मापाचा साहेब म्हनाला, "पोरं सांभाळायला ही बाई?" शेजारची रंगुबाई म्हनाली, "हीच. हिच्या झोळीला आता कोन लाथ घालतंय?"

बांधावरून चुलत्याचं डोकं फोडून तू सहा महिने आत बसलास, तवा मी तुझ्या बापाला बोल लावला, की रक्त त्यांचं. तसं न्हाई रं बाळा. हात माझा हाय.

म्हून सांगते, छगनच्या दारात जायचं न्हाई. त्याचं जे व्हायचं ते झालं. कारखान्याची उचल फिटेस्तोवर तिथंच राहा, आन तुझ्या कोयत्याला उसाबिगर काय दाखवू नको. लेक दातांनी भाकरी तोडायला लागला, की बघायला ये. मोकळ्या हातानं ये.

तुझी आई
गोजरबाई,
सरकारी पाळण्याची