जोडीनं आलात तर स्वस्त

२४ सप्टेंबर

आज भोरला राहायला आले. वेल्ह्याहून सकाळची एसटी धरली. मांडीवर तुळशीची कुंडी, पायाशी तांदळाचं पोतं. कंडक्टर म्हणाला, मावशी, कुंडीचं अर्धं तिकीट पडंल. मी म्हटलं, काढ की, पण मग तिला खिडकीची जागा दे. अख्खी गाडी हसली.

प्रेरणा, माझी लेक, इथल्या एका कॉलेजच्या ऑफिसात कामाला आहे. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्यात तिनं. ओटा माझ्या उंचीचा आहे. गच्चीतून डोंगर दिसतात. आपले नाहीत, पण डोंगर आहेत. ही वहीसुद्धा तिनंच आणून दिली. मी चौथीतून शाळा सोडलेली. पुढचं वाचन वाण्याच्या पुड्यांवर झालं. मिरच्या बांधून आलेल्या कागदावर गोष्ट अर्धीच असायची, उरलेली मी भाकरी थापताना मनानं पुरी करायची. आता इथल्या वाचनालयात नाव घालणार आहे.

हे जाऊन तीन पावसाळे झाले. तिकडच्या घरात एकेक वस्तू मला विचारायची, कुठं गेले म्हणून. इथल्या वस्तूंना हे माहीतच नाहीत. त्याचं बरं वाटतं आणि वाईटही वाटतं.

२८ सप्टेंबर

डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं. गुडघेही बोलायला लागलेत. चालत जा म्हणाले. पण इथल्या रस्त्यावर टेम्पो आणि कुत्री, दोघांनाही माणसाची पर्वा नाही. प्रेरणा म्हणाली, आई, जिमला जा. मी म्हटलं, जन्मभर चिखलात वाकून भात लावला, आता पैसे देऊन वाकू? ती म्हणाली, तेव्हा दुसऱ्यांसाठी वाकलीस, आता स्वतःसाठी वाक. पोरगी बोलायला लागली की बापासारखी बोलते.

१ ऑक्टोबर

आज भाव काढले. वेल्ह्याच्या बाजारात वाढलेली बाई पहिल्या दुकानात खरेदी करत नसते.

डेपोकडच्या जिममध्ये महिन्याचे पैसे घेतात, पण आधी नाव घालायचे वेगळे, आणि शिकवणारा हवा असेल तर त्याचे आणखी वेगळे. म्हणजे बैल विकत घ्या, शेपटीचे निराळे. दुसरी काचेची, गारेगार. तिथं वर्षाचे एकदमच भरावे लागतात आणि सोडलं तर परत काही नाही. तिथल्या मुलीनं माझ्या नऊवारीकडं असं पाहिलं की मी भाव विचारायचंच विसरले.

तिसरी पिठाच्या गिरणीच्या वर आहे. नूतन आणि तिचा नवरा इंद्रजित चालवतात. सकाळी पुरुष, इंद्रजितच्या हाताखाली. दुपारी बायका, नूतनच्या. खाली गिरणी सुरू झाली की वरची जमीन थरथरते, आणि पीठ जिन्यावरून वर येऊन सगळ्यावर बसतं. मला तो वास आवडला. एकटीला वर्षाचे नऊ हजार. घासाघीस करून आठवर आणलं. उद्या सांगते म्हणून आले.

३ ऑक्टोबर

नाव घातलं. साडेसात हजारात.

झालं असं की दसऱ्यानिमित्त तिथं जोडीची सवलत आहे. नवरा-बायको मिळून साडेसात. मी म्हटलं, हा कुठला हिशेब, दोघांना एकीपेक्षा कमी? नूतननं समजावलं. एकटी बाई दोन महिन्यांत सोडते. नवराही येत असला की घरात कोणी आडवं येत नाही, दोघं टिकतात, शेजारपाजारचेही आणतात. मग तिनं विचारलं, काकांचं नाव काय?

मला सांगता आलं असतं. माझ्या कपाळाकडं बघून तिलाही कळलं असतं, पण मी टिकली लावते, प्रेरणानं लावायला लावली. मी नाव सांगितलं.

जन्मात मी यांचं नाव तोंडानं घेतलं नव्हतं. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. रेशनच्या रांगेत शेजारणीला सांगायला लावायची. हे गेल्यावर तलाठ्यापुढं घ्यावं लागलं, तेव्हा आधी कैलासवासी म्हटलं. आज नुसतं घेतलं. जिवंत माणसाचं घेतात तसं. नूतन म्हणाली, सकाळी पाठवा काकांना. मी मान हलवली.

घरी येताना पाचशे वाचले म्हणून आनंद नव्हता. नाव घेतलं म्हणून तोंड गोड झालं होतं. खोटं कशाला लिहू.

८ ऑक्टोबर

पट्ट्यावर चालायला शिकले. पाय चालतात आणि माणूस जागच्या जागी. शेजारच्या पट्ट्यावर खुर्शिदा असते. शिवणकाम करते, माझ्याच वयाची, जिभेला हाड नाही. मी दांडा घट्ट धरून चालते म्हणून म्हणाली, ताई, सोडा की, गाडी काय घाटात न्हाई. तिचा नवरा लियाकत सकाळी येतो. तीही जोडीच्या सवलतीतली. म्हणाली, तीस वर्षांत या माणसानं माझ्यासंगं एवढी एकच गोष्ट जोडीनं केली, तीबी वेगवेगळ्या वेळेला.

मीही हसले. मग पट्ट्यावर चालताना डोळे भरून आले. घाम समजून कोणी विचारलं नाही.

१४ ऑक्टोबर

खुर्शिदा आज म्हणाली, तुमचे मालक लई गप्प हायेत हो.

मी विचारलं, कोणाचे?

म्हणाली, आमचे सांगत होते, कुंडलिकभाऊ म्हणून नवीन येतात. कुणाशी बोलत न्हाईत, नुसते चालतात. विजार पोटऱ्यांपर्यंत दुमडून. वेल्ह्याकडचे म्हणजे तुमचेच की.

दुसरे कोणी असतील, मी म्हटलं. यांच्या नावाचा माणूस काय एकच असतो?

पण हे विजार अशीच दुमडायचे. खाचरात उतरताना.

१७ ऑक्टोबर

नूतननं बाजूला घेऊन, रागावून नाही, सांगितलं की काकांना पाय पुसून यायला सांगा. पट्ट्यावर लाल चिखल होतो.

पाऊस उघडून किती दिवस झाले. भोरात चिखल नाही, लाल तर नाहीच.

आता लिहायला हवं. हे गेले तेव्हा मी पुण्याला होते, प्रेरणाच्या पोटाच्या ऑपरेशनला. इकडं पाऊस कोसळत होता. हे शेतावरून येताना वाटेतच बसले आणि उठले नाहीत. मी निघाले तर घाटात दरड. गावानं वाट पाहिली, मग भावकी म्हणाली, आता ठेवता येत नाही. मी पोचले तेव्हा राख भिजलेली होती. शेवटचं तोंड बघायला मिळालं नाही. तीन वर्षं मी बाकी काही मागितलं नाही देवाकडं. तेवढंच मागितलं.

आज जिन्यावर पिठात ओल्या पावलांचे ठसे होते. वर गेलेले. उतरलेले नव्हते.

२१ ऑक्टोबर

दिवाळीची म्हणून दुपारी जिम थोडा वेळच होती. नूतननं सगळ्यांना काट्यावर उभं केलं. माझं वजन खूप उतरलंय. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खुर्शिदानं माझ्या पोलक्याला शिवण मारून दिली.

तीच म्हणाली, तुमच्या मालकांना मात्र मानवलंय. आले तेव्हा नुसती काडी होते म्हणं, आता भरलेत. इंद्रजितला त्यांनी पहिल्यांदाच काहीतरी विचारलं म्हणे. विचारलं,

"ह्यो रस्ता कुठवर जातो?"

इंद्रजित हसला. काका, पट्टा आहे तो, कुठंच जात नाही. तर हे म्हणाले, मग घर कधी यायचं?

खुर्शिदाला ती गंमत वाटली. मी पट्टा बंद करून खाली बसले.

२५ ऑक्टोबर

सकाळीच गेले. बायकांची वेळ नाही हे माहीत असून गेले. इंद्रजित म्हणाला, काकू, आत्ताच गेले की, जिन्यात भेटले नाहीत? मी जिन्यातूनच वर आले होते.

पट्टा अजून फिरत होता. हात लावला. ओला, आणि मधोमध गरम. यांच्या पाठीला पावसातून आल्यावर हात लावला की असंच लागायचं.

२९ ऑक्टोबर

रोज जाते. रोज आत्ताच गेलेले असतात. लियाकत बघतो. इंद्रजित बघतो. गिरणीवाला बघतो, त्यानं तर रामराम घातला म्हणे. सगळ्या भोरला दिसतात. मलाच नाही. माझं काय चुकलं?

पोलकं पुन्हा सैल झालं. जिना चढताना मध्ये बसावं लागतं. भाकरी घशाखाली उतरते, पुढं कुठं जाते कळत नाही.

२ नोव्हेंबर

प्रेरणानं डॉक्टरकडं नेलं. या वेळी ते नुसतं चालत जा म्हणाले नाहीत. रक्त तपासलं, फोटो काढले. काही सापडत नाही म्हणाले.

रात्री तिला सगळं सांगितलं. आधी रागावली, मग माझं मनगट हातात धरून बसली. तिची दोन बोटं पुरली मनगटाला. म्हणाली,

"आई, बाबा गेले. मला तू पाहिजेस."

मी म्हटलं, मला माहीत आहे गं. पण तुला त्यांचं तोंड आठवतं, तू व्हिडिओ कॉलवर का होईना बघितलंस शेवटचं. मी घाटात अडकलेली, मी काय बघितलं?

लिहिल्यावर वाटतंय, हे तिला बोलायला नको होतं.

४ नोव्हेंबर

प्रेरणा जिममध्ये जाऊन सांगून आली की माझे वडील वारलेत. नूतनला वाटलं पैसे परत मागायला आली. लियाकत तिथंच होता, तो म्हणाला, पोरी, असं बोलू नये, सकाळीच तर होते. ती रडत परत आली.

संध्याकाळी खुर्शिदा घरी आली. तिला प्रेरणानं सांगितलं असावं. आज एकही थट्टा केली नाही. माझ्या खांद्यांवरून हात फिरवला, मापं घेतल्यासारखा. मग म्हणाली,

"ज्या तोंडानं बोलावलं त्याच तोंडानं सांगा, ताई. दुसऱ्या कुणाचं ऐकायचे न्हाईत ते."

एवढंच करायचंय. जिथं नाव घेतलं तिथं उभं राहून म्हणायचं, ते गेले.

६ नोव्हेंबर

गेले होते. प्रेरणानं धरून नेलं. नूतन समोर, प्रेरणा मागं. तोंड उघडलं.

एकदा माझ्यावाचून गेले. आता मी हातानं घालवू?

म्हणता आलं नाही. पाणी मागितलं आणि परत आले. प्रेरणानं मला जवळजवळ उचलूनच आणलं. तिनं माझं ओझं पेललं होतं, आणि ओझं काहीच नव्हतं.

८ नोव्हेंबर

उठवत नाही. प्रेरणानं रजा टाकली होती, आज ऑफिसातून बोलावणं आलं म्हणून गेली. जिम नाही म्हणजे त्यांचंही चालणं बंद होईल, असं तिला वाटतं.

दुपारी नूतनचा फोन. काळजीनं चौकशी केली. मग म्हणाली, काका सकाळी विचारत होते, ती का येत न्हाई. आणि घर कुठंय ते विचारत होते. नूतनला हसू आलं, काका स्वतःचं घर विसरले म्हणून. इंद्रजितनं पत्ता नीट समजावून सांगितला. गिरणीपासून सरळ, मग डावीकडं, दुसरा मजला.

हे घर त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. म्हणून चालत होते.

९ नोव्हेंबर

प्रेरणा घरी होती. दिवसभर कडी लावून बसली, माझा हात धरून. कोणी आलं नाही. जिन्यात मात्र ओल —

मी तिला म्हणाले, पाणी सांडलं असेल.

तिनं शपथ घातली. कोणी आलं तर दाराआडून सांग, ते गेले. एवढंच म्हण. मी हो म्हटलं.

१० नोव्हेंबर

प्रेरणा औषध आणायला गेली. कडी बाहेरून लावून. लवकर येते म्हणाली.

पावलं. जिन्यात. चिखलाची, जड —

दाराशी थांबलीत. कडीला हात नाही. नुसता श्वास. पावसात भिजलेल्या गोधडीचा वास.

पहिली हाक.

"अगं ए."

हेच. तोच आवाज. आई म्हणायची, दिसत नसलेल्या माणसानं हाक मारली तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ देऊ नये. गेलेल्याला तीनदा हाक मारता येत नाही. दोनदाच — आणि ओ देणाऱ्याला तो सोबत नेतो —

सांगायचंय. ते गेले. प्रेरणाला शब्द दिलाय. तोंड उघडते आणि —

दुसरी.

"अगं, ऐकतीस का? मी हाय."

तिसरी येऊ दे. देवा तिसरी —

येत नाही.

किती वेळ — प्रेरणा, तू ये गं आता —

वळले. पाय ओढत. एक पायरी. परत निघाले, त्यांना वाटलं घर चुकलं — पुन्हा त्या पट्ट्यावर, कुठंच न जाणाऱ्या —

एकदा तोंड. फक्त एकदा —

प्रेरणा, मला माफ —

ओ