गावकीचा कागद आणि टॅक्सीचा विमा

बाबानू, आज मी गाडीत पुढच्या सीटवर बसले. तुमच्या पणतीने गाडी घेतली, म्हणजे माझ्या नातीने. लाल गाडी. हार मी घातला, चाकाखाली लिंबू मी ठेवलं, आणि गाडीने ते चिरडलं तेव्हा सगळ्यांत मोठ्याने टाळ्या मीच वाजवल्या. "आजी, पट्टा लाव," ती म्हणाली. मी म्हटलं, "मी काय पळून जातेय?" चिंचपोकळीच्या पुलावरून परळपर्यंत आणि परत, एवढीच फेरी झाली. पण मी खिडकीतून ओळखीच्या-बिनओळखीच्या सगळ्यांना हात केले. भाजीवालीने तर विचारलं, "आजी, निवडणुकीला उभ्या राहिलात काय?" इतकी हसले की डोळ्यांना पाणी आलं. आनंद लपवायचं वय आता राहिलेलं नाही.

घरी आल्यावर नात तिच्या मोबाईलवर विम्याचं दाखवत होती. दोन मिनिटांत मिळतो म्हणे, घरबसल्या. एक प्रश्न तिने मला मजेने वाचून दाखवला, लायसन कधी जप्त झालंय का, दारू पिऊन गाडी चालवल्याची शिक्षा झाली आहे का. "नाही!" असं गाण्यासारखं म्हणत तिने बोट दाबलं. मी उठून आत आले. "आजी, काय झालं गं?" "काही नाही, चहा ठेवते." चहा उकळून आटला, बाबा, आणि मी ओट्यापाशी स्टुलावर बसून तुम्हाला हे लिहितेय. अक्षर वाकडं आहे, समजून घ्या. तिसरी पास झाले आणि चौथीत शाळेतून नाव काढलं, त्यानंतर लिहिलं ते फक्त वाण्याच्या याद्या.

तो प्रश्न आपल्यालाही विचारला होता ना. धाकटा भाऊ घरी यायचा होता त्या दिवसापासूनचं सगळं. आईला आणि बाळाला परळच्या हॉस्पिटलातून घरी आणायचं होतं. तुम्ही सकाळपासून टॅक्सी पुसत होता, मागच्या सीटवर आईची जुनी नऊवारी चौघडी करून अंथरली होती. दारूबंदीचे दिवस, पण हातभट्टी कुठे मिळते ते पोरंसोरंसुद्धा सांगायची. स्टँडवरचे तुमचे दोस्त म्हणाले, मुलगा झाला, तोंड गोड नंतर कर, आधी कडू कर. तुम्ही केलंत. आणि लालबागला केळ्यांच्या हातगाडीवर टॅक्सी घातलीत. केळीवाला वाचला, पण त्याचा पाय मोडला. मी हॉस्पिटलच्या दारात आईबरोबर उभी होते, वाट बघत. दुपार झाली. शेवटी आई ओली बाळंतीण, बाळ पदराखाली घेऊन चालत निघाली आणि मी मागे पिशवी घेऊन. चौकीतून सुटून तुम्ही दोन दिवसांनी दारात उभे राहिलात तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आधी न्हावन येवा, मगे पोराक हात लावा." तुम्ही नळावर इतका वेळ न्हात राहिलात की रांगेतल्या बायका ओरडायला लागल्या.

कोर्टात शिक्षा झाली, लायसन सहा महिने जप्त. ते सहा महिने तुम्ही कॉटन ग्रीनच्या गोदामात कापसाच्या गाठी उचलल्यात, तक्रार केली नाहीत. केळीवाल्याच्या घरी दर रविवारी जायचात, तो तुम्हाला आत घ्यायचा नाही, तरी जायचात. आणि गावकीच्या खोलीत, जिथे आपल्या गावचे सतरा बाप्ये दाटीवाटीने राहायचे, तिथे देवाच्या तसबिरीसमोर नारळ ठेवून तुम्ही शपथ घेतलीत. सगळ्यांत म्हाताऱ्याने गाऱ्हाणं घातलं, आणि सगळे एका आवाजात "होय महाराजा" म्हणाले. मी दारात होते, माझ्याही तोंडून निघालं. मग म्हातारा म्हणाला, ह्यां लिहून ठेवा. लिहिणार कोण? मी. अमक्या माणसाने पिऊन गाडी हाकली, एकाचा पाय मोडला, आता दारू देवाच्या पायाशी कायमची सोडली, गावकी साक्ष. खाली सतरा अंगठे. आपल्या माणसांच्या लेखी त्याहून मोठी हमी जगात नव्हती. देवासमोर दारू सोडलेला माणूस कधीच न पिणाऱ्यापेक्षा भरवशाचा, असं म्हातारा म्हणायचा. मलाही ते पटलेलं होतं.

लायसन परत मिळालं, पण मधल्या काळात टॅक्सीचा विमा संपलेला. विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणायची नाही, कायदा. जुन्या कंपनीने नाही म्हटलं, दुसरीने नाही म्हटलं, तिसरीने बसायलाही सांगितलं नाही. टॅक्सी गल्लीत उभी, टपावर कोंबड्या. मग आपल्या चाळीतला तो विम्याचा एजंट तयार झाला. "काका, तुम्ही फक्त मान हलवायची. फॉर्म मी भरतो. तो एक प्रश्न कोरा ठेवू, आज मोर्चा आहे, साहेबाला घरी जायची घाई असणार, तो बघायचा नाही." मला घेतलंत ते कशाला? सही कुठे करायची ते मी बोटाने दाखवावं म्हणून. गावकीचा कागद आईनेच माझ्या पिशवीत घातला होता, देवाचा आहे, जवळ असू दे म्हणून.

ट्राम भायखळ्याला थांबली ती थांबलीच. पुढे माणसंच माणसं, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" मीपण ओरडले. तुम्ही नाही ओरडलात, तुम्ही सारखा शर्टाचा खिसा चाचपत होता, लायसन आहे ना म्हणून. चालत चालत आपण फोर्टात विमा कंपनीच्या ऑफिसात पोचलो.

साहेब फॉर्म वाचतोय. पंखा गरगरतोय, बाहेरून घोषणा ऐकू येतायत. त्याने शिक्का हातात घेतलाय. मग थांबतो आणि सहज विचारतो, "लायसनवर काही झालं नव्हतं ना कधी?" एजंट खोकतो. तुम्ही मान खाली घालता. आणि मी पिशवीतून कागद काढते आणि टेबलावर ठेवते.

त्याने सगळा वाचला, अंगठेसुद्धा मोजल्यासारखे बघितले. हसला नाही. मला म्हणाला, "पोरी, अक्षर सुरेख आहे तुझं." मग शिक्का खाली ठेवला. "आता हे मी वाचलं. न वाचल्यासारखं मला करता येणार नाही." तुम्ही म्हणालात, "साहेब, देवासमोर सोडली आहे." तो म्हणाला, "मी मानतो हो. कंपनीच्या फॉर्मात देवाला जागा नाही." वाईट माणूस नव्हता. गाडीचा विमा दिला त्याने, पण अटीवर, की गाडी दुसऱ्याने चालवायची, तुम्ही नाही. सही कुठे करायची ते मी बोटाने दाखवलं.

त्यानंतर रोज सकाळी तुम्ही टॅक्सी धुवायचात, काचा पुसायचात आणि किल्ली त्या ठेवलेल्या ड्रायव्हरच्या हातात द्यायचात. राज्य झालं त्या संध्याकाळी तो आपल्याला रोषणाई बघायला घेऊन गेला. धाकटा नाचत होता, आई पहिल्यांदा मोकळी हसत होती. तुम्ही मागे माझ्या शेजारी, उतारूसारखे, स्वतःच्या टॅक्सीत. पुढे गर्दी आली की तुमचा उजवा पाय जमिनीवर दाबला जायचा. तिथे ब्रेक नव्हता. मी तो पाय बघत राहिले, एकही दिवा बघितला नाही.

पुढे तुम्ही कधी प्यायला नाहीत, मरेपर्यंत. आणि कधी चालवलीही नाहीत. तो प्रश्न कोरा राहिला असता आणि पुढे कुणाचा आणखी एक पाय मोडला असता तर, असंही मी मनाला सांगून बघते. कधी पटतं, कधी नाही. एवढ्या वर्षांत माझं मला ठरवता आलेलं नाही.

हे पत्र कुठे टाकणार? नातीलाही वाचायला देणार नाही, आजचा दिवस तिचा आहे. आई विचारायची, कागद का काढलास गो, तेव्हा मी म्हणायची, मी लहान होते, मला काय कळणार. सगळ्यांना तेच सांगत आले. बाबानू, तुम्ही टेबलाखालून माझं मनगट धरलं होतं. घट्ट. मला कळलं होतं. पण साहेबाने माझं अक्षर बघावं असं मला फार वाटत होतं, म्हणून मी हात सोडवून घेतला.