पुढच्या खोलीतली गिऱ्हाइकं

४ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

शिवणकामाचं दुकान बंद करून किती वर्षं झाली, तरी संध्याकाळ झाली की तुझे भावजी टेप घेऊन पुढच्या खोलीत उभे राहतात. गिऱ्हाइकं येतात म्हणे. एक उंच माणूस, एक ओल्या कोटातली मुलगी. बोलत नाहीत, नुसते माप द्यायला थांबतात. कंपवाताने हात हलतो हे ठाऊक होतं. हा आजार घरात माणसं आणून उभी करतो, हे एकाही शहाण्याने सांगितलं नाही!

तिथे कुणी नाही, हे सांगून घसा बसला. काल वर्गावर ओरडायचे तशी त्या कोपऱ्यावर ओरडले, की दुकान बंद आहे, चालते व्हा. हे माझ्याकडेच बघत राहिले. कॉन्व्हेंटात शिकलेली मी, भुताबिताला जुमानत नाही. पण त्या कोपऱ्याकडे पाठ करून आता बसवत नाही.

तुझी,
ताई

९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

जन्म वॉर्डात काढला म्हणून सांगते. हे भूत नाही. आजाराने असं होतं, त्यावरच्या गोळ्यांनीही होतं. वाद घालू नकोस आणि हाकलूही नकोस. तू त्यांच्याशी बोललीस, म्हणजे भावजींच्या लेखी ती माणसं खरी ठरली. 'मला दिसत नाहीत, पण मी इथे आहे,' एवढंच म्हण. दिवे लवकर लाव, खुंटीवरचे कोट काढ. डॉक्टरांना लगेच सांग; लघवीत जंतुसंसर्ग आहे का तेही बघतील. मनाने एकही गोळी बंद करायची नाही. तुझी हेडमास्तरकी शाळेतच राहू दे.

लोभ आहे तो रागावूनही ठेव.

धाकटी

२ एप्रिल

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

जंतुसंसर्ग नव्हता. डॉक्टरांनी अलीकडे वाढवलेली गोळी हळूहळू कमी केली. आधी मुलगी गेली, मग उंच माणूस. काल दिवे लावले तेव्हा हे म्हणाले, सगळे गेले. माझा जीव भांड्यात पडला.

मग अगदी अदबीने मला म्हणाले, बाई, त्यांच्यावर ओरडणाऱ्या तुम्ही तेवढ्या राहिलात. तुम्हीही निघा, माझी बायको येईल आता.

मी तू शिकवलेलंच म्हणाले, की मी इथे आहे. त्यांना वाटलं, माप द्यायला थांबलेय. त्यांनी माझ्या खांद्यांवर टेप धरला आणि आकडा दोनदा वाचला. मग घाबरून विचारलं, हे तर तिचं माप. तुमच्याकडे कसं आलं?

डॉक्टरांना आज हेही सांगते. लोभ पत्रातून पुरे झाला; आता तूच ये.

तुझी,
ताई