मीटर काढलेलं घर

४ ऑक्टोबर, सकाळी
संकल्प लिहून ठेवतो. लेक तान्ह्या नातीला घेऊन डिसेंबरात येणार. तिची रजा संपते आहे. दोन महिने इथूनच, माझ्या टेबलावरून, ऑफिसचं काम करणार आणि नात आमच्या ताब्यात. तोपर्यंत घर संपूर्ण स्वयंपूर्ण करायचं. वीज फक्त सूर्याची आणि वाऱ्याची. नात जन्मभर सांगेल, मी आजोबांकडे शुद्ध उन्हावर वाढले. (वाक्य जमलेलं नाही. अर्थ बरोबर आहे.)
डिझाइन माझं. इंजिनिअर लावलेला नाही. इंजिनिअर पुस्तकात पाहून करतात. मीही तीच पुस्तकं पाहिली, शिवाय डोकं वापरलं.

९ ऑक्टोबर
पॅनेल छतावर चढली. फिटिंगवाला म्हणाला, उतार वीस-बावीस अंश चालेल. ‘चालेल’ या एका शब्दापायी जग मागे राहिलं आहे. कोनमापक लावून साडेएकवीस करून घेतलं. तीनदा खोलावं लागलं. जाताना त्याने बायकोला विचारलं, वहिनी, तुमचं कसं हो निभतं? बायको म्हणाली, सवय.

१७ ऑक्टोबर
पवनचक्की उभी केली. पाती जुन्या पंख्याची, बाकी सगळं स्वतःचं. वारा असला की फिरते, नसला की फिरत नाही. म्हणजे रचना निर्दोष. थोडा आवाज येतो. बायको म्हणते, डोक्यावर कोणी जातं फिरवत बसल्यासारखं वाटतं. दुर्लक्ष.

२७ ऑक्टोबर
घराला वीज किती लागते ते मोजलं. बायको आठवडाभर तिच्या भावाकडे गेली होती, ती संधी साधली. घरात लुडबुड नसल्याने आकडे अतिशय शुद्ध आले. इतक्या कमी विजेत घर चालतं! लोक उगाच उधळपट्टी करतात. आठ बॅटऱ्या घेणार होतो, चार पुरतील. चारच घेतल्या. विजेची शेगडीही आणली आणि गॅस परत करून टाकला.

११ नोव्हेंबर
मेहुणा येऊन गेला. हयात बँकेत गेली, त्यामुळे त्याला सगळीकडे धोकाच दिसतो. म्हणाला, भावोजी, तुमचं चालू द्या, पण जुनं कनेक्शन राहू द्या अडीअडचणीला. मी म्हटलं, परतीची वाट ठेवणारा माणूस पुढे जात नाही. तर म्हणे, तुम्ही खुशाल पुढे जा हो, पण माझी भाची आणि तिचं पोर तुमच्यामागे आहे. कनेक्शन बंद करण्याचा अर्ज त्याच्या नाकासमोर लिहिला. मुद्दाम.

२० नोव्हेंबर
वायरमन मीटर काढून घेऊन गेला. घर विकलं का काका, असं विचारत होता. नाही म्हटलं. मग भावाभावांत भांडण का, म्हणाला. कल्पनाशक्ती तेवढीच.
भिंतीवर मीटरच्या जागी पांढरा चौकोन राहिला आहे. बायको बराच वेळ त्याच्याकडे पाहत उभी होती. संध्याकाळी दिवे लागले. सगळे! तिने नुसती मान हलवली. ही दादच समजतो.

२४ नोव्हेंबर
बायकोने एकाच वेळी शेगडी, वॉशिंग मशीन आणि मिक्सर लावला. इन्व्हर्टर ओरडला, मग गप्प झाला, मग घरच गप्प झालं. दोष यंत्रणेचा नाही, वापराचा आहे. वेळापत्रक करून फ्रिजवर चिकटवलं. मिक्सर फक्त दुपारी, ऊन असताना. बायकोने विचारलं, आणि ऊन नसलं तर? खाली टीप घातली: वाटण असलेले पदार्थ टाळावेत.

२९ नोव्हेंबर
बायकोच्या हाती माझे आकडे लागले. अहो, म्हणाली, त्या आठवड्यात मी घरात नव्हतेच! तुम्ही ब्रेड खाऊन दिवेलागणीला झोपत होतात. हे घर कोणाला धरून बेतलंत? मी समजावलं की शास्त्रीय मोजमापात बाहेरचे घटक वगळावे लागतात. म्हणजे मी बाहेरचा घटक, म्हणाली. तसं नाही, म्हटलं.
बॅटऱ्या वाढवायचं ठरवलं. दुकानदार म्हणतो, माल जानेवारीत. हरकत नाही. थंडीत वारा वाढतो.

५ डिसेंबर
लेक आली. नात बोट धरते आणि सोडत नाही. पकड उत्तम.
लेकीने चप्पल काढायच्या आधी प्लग शोधला. लॅपटॉप, बाटल्या उकळायचं यंत्र, दूध काढायचं यंत्र, बाळाच्या खोलीसाठी हीटर. मी प्रत्येकाच्या मागचे वॉट वाचत गेलो. लेक म्हणाली, बाबा, बाळाकडे बघा ना, चार्जरकडे काय बघताय!

७ डिसेंबर
धुकं. धुक्यात साडेएकवीस अंशांचा फायदा लगेच दिसून येत नाही. वाराही नाही. लेकीची मीटिंग मध्येच तुटली. साहेबांना वाटलं, बाईने रागाने फोन आपटला. पाणी गार. बाळाची आंघोळ एक दिवसाआड करावी, असं सुचवलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं. सूचना मागे घेतली.

८ डिसेंबर
वीज कचेरीत जाऊन आलो. फक्त चौकशी. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, आधी घराचं वायरिंग तपासणार, मग मीटर; महिना तरी धरा. स्वतःहून मीटर काढून देणारा मी पहिलाच असेन, असं सहज म्हटलं. त्या म्हणाल्या, परत मागायला येणारे पहिले नाही आहात.
घरी येऊन लेकीला म्हटलं, दोन दिवस कळ काढ, धुकं उठेल. ती म्हणाली, बाबा, तुम्ही असं म्हणता तेव्हा काय बोलावं तेच कळत नाही.

९ डिसेंबर
बॅटरी उतरली की इन्व्हर्टर पिपाणीसारखा वाजतो. नेमका बाळ झोपलं की वाजतो. नात दचकते आणि टाहो फोडते. इन्व्हर्टरला उशी बांधली. तापला. उशी सोडली.
दुपारी लेकीने बॅग भरली. मामाकडे जाते म्हणाली. रागावली नव्हती. रागावली असती तर वाद घालता आला असता. बाळ सांभाळायला कोणीतरी हवं म्हणून बायकोही निघाली. मला म्हणाल्या, चला तुम्हीही. मी म्हटलं, यंत्रणा अशी वाऱ्यावर सोडून येता येत नाही. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

१२ डिसेंबर
लख्ख ऊन, झकास वारा. दुपारपर्यंत चारही बॅटऱ्या भरल्या. घर शंभर टक्के स्वयंपूर्ण! गणित पहिल्यापासून बरोबर होतं. खात्रीसाठी भर दिवसा सगळ्या खोल्यांतले दिवे लावून पाहिले. सगळ्या खोल्या लख्ख. रिकाम्या खोल्या फार मोठ्या दिसतात. दिवे घालवले.

१५ डिसेंबर
शिल्लक वीज वाया जाऊ नये म्हणून एक भरलेली बॅटरी टॅक्सीत घालून मेहुण्याकडे नेली. आपण कोणाचं फुकट घेत नाही. टोमण्यांची उत्तरं वाटेत तयार केली होती. मेहुण्याने टोमणाच मारला नाही. म्हणाला, भावोजी, पाणी तापलंय, आधी आंघोळ करून घ्या. उत्तरं वाया गेली.
आंघोळ करून आलो तर बॅटरी जागेवर नाही. नात निजते त्या खोलीचं दार वाऱ्याने आपटतं आणि ती उठते. लेकीने आणि मेहुण्याने मिळून बॅटरी ओढत नेऊन दाराला लावली होती. तीस किलो. दार हलत नाही. मी ढकलून पाहिलं. नात गाढ झोपली होती.
घरी अजून तीन आहेत, आणू का, असं विचारलं. बायको म्हणाली, बॅटऱ्या राहू द्या, तुम्हीच राहा. इथे एवढी दारं नाहीत.