यजमानांना कळवावे

४ नोव्हें., मंगळ.
वाचनालयात आल्याबरोबर यादी नव्या कॉम्प्युटरवर उतरवायला लावली. यांनी केलेली पुस्तकांची यादी जुन्या प्रोग्राममध्ये आहे. तो नव्या कॉम्प्युटरवर चालत नाही, म्हणून माझ्या सुषमाने त्याच्या पोटातच एक जुना कॉम्प्युटर बसवून दिलाय, नुसता सॉफ्टवेअरचा. आतला आजही 'ग' वर थांबला. बाहेर मात्र हिरवा ठिपका, 'चालू'. तासभर ठिपक्याकडे बघत बसले.
अध्यक्ष आले. "वहिनी, डबडं हाय ते. महिनाअखेर पुसून टाकू. फॉर्म भरायला लागतो कॉम्प्युटर. यादी वहीत लिवा की."
वहीत पुस्तकं येतील. यांचे शेरे कुठून आणू? 'रुक्मिणने ऊसतोडीला जाताना नेले. येऊ दे सावकाश.' 'पान चाळीसवर हळद.'

६, गुरु.
सुषमाला पुण्याला फोन. म्हणाली, आतलं मशीन बंद पडलं तरी बाहेरच्याला कळत नाही. आतून सांगितलं तरच. तोवर त्याला वाटतं, चाललंय.
त्या दुपारी मी यांना दारातून पाहिलं होतं. पंखा चालू, तोंड भिंतीकडे. झोपलेत म्हणून दार ओढून घेतलं.
पुढे नाही लिहीत.

९, रवि.
मोबाईलवर याच विषयाचं एक इंग्रजी पान मराठीत करून वाचलं. 'पाहुणा घाबरल्यास यजमानांना कळवेल.' यजमानांना! सुषमाला लावला फोन. म्हटलं, कुठून कळवू गं त्यांना आता?
ती म्हणाली, "आई, यजमान म्हणजे बाहेरचा कॉम्प्युटर. पाहुणा आतला." आणि हसली. मीही. बऱ्याच दिवसांनी दोघी एकदम.
घाबरणं म्हणजे, पुढे चालवत नाही म्हणून मशीन स्वतःच थांबतं. थांबताना एक निरोप.

११, मंगळ.
सुषमाने तिकडूनच नेटवरून जोडून घेतलं. बाहेरच्यात एक घंटी बसवली (खरी नाही), आतल्यात ती वाजवणारा छोटा प्रोग्राम. विचारलं, मरताना एवढं भान राहील का?
"म्हणून तर साधी ठेवतात. एक आकडा टाकायचा, बास."
निरोप आला की बाहेरच्याने आतली अवस्था जपून ठेवायची, मग पुन्हा चालू करायचं.

१३, गुरु.
दुपारी पडला. ठिपका लाल. 'पाहुणा घाबरला', वेळेसकट! मी ओरडलेच. पेपर वाचणारे मास्तर दचकले, "कोण गेलं?"
"कॉम्प्युटर, मास्तर. पण सांगून गेला."
"मग हसायलात कावून?"
सुषमाने जपलेलं वाचलं. जुन्या प्रिंटरचा प्रोग्राम आडवा येत होता. तो प्रिंटर कधीच भंगारात गेला. प्रोग्राम काढून टाकला.

१४, शुक्र.
'ग' ओलांडला! च, ज, द. 'प' वर पडला, कारण दुसरंच काही. सुषमा कामावरून आली की बघते म्हणाली. पण कळवलं, आपोआप उठला, आणि 'न' पर्यंतची यादी बाहेर शाबूत.
तेवढ्यात अध्यक्ष. "पडलं न्हवं परत?"
"पडलं. उठलंय."
खुर्ची ओढून शेरे वाचू लागले. एका ठिकाणी थांबले. मोठ्याने वाचलं, 'अध्यक्षांनी नेले. वाचणार नाहीत.' मी पदर तोंडाला लावला.
"लई बेरकी होता तुमचा माणूस," म्हणाले. "घरीच हाय ते पुस्तक. बघतो."
महिनाअखेरचं बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. 'प' परत लावलाय.