चोवीस तासांचं मशीन

बाबा, तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली आणि माझा राग अजून तसाच आहे, म्हणून लिहिते आहे. आई म्हणते, गेलेल्या माणसाचं काही चांगलं आठवावं. मला कामोठ्याच्या घरातलं स्वयंपाकघर आठवतं. तुम्ही बाही वर करून दंडावरचा पट्टा सोडवताय. तुम्ही करंजा गावच्या कोळ्यांच्या घरातले, बंदरावर क्रेन चालवणारे घरातले पहिलेच. रक्तदाब जास्त निघाला तर केबिनमधून खाली उतरवतील, या एकाच गोष्टीला तुम्ही घाबरायचात. दवाखान्यात माप जास्त आलं म्हणून पनवेलच्या डॉक्टरांनी चोवीस तास दंडाला बांधून ठेवायचं मशीन दिलं होतं. तुमच्या दंडावर ते तासभरही राहिलं नाही. आई तेव्हा दोन दिवस माहेरी गेली होती. "तू घाल," म्हणालात. मी एकोणीस वर्षांची. म्हटलं, "बाबा, हे माझं प्रेशर दाखवेल." "तेच तर पायजे. तुला काय होनार नाय. आईला बोलू नको." दर अर्ध्या तासाला पट्टा फुगतो, माझा दंड आवळला जातो, आणि तुम्ही समोर बसून सुके बोंबील खाताय.

रिपोर्ट उत्तम आला. "तुमचं प्रेशर तर कॉलेजातल्या पोरीसारखं आहे," असं डॉक्टर म्हणाले आणि तुम्ही ते महिनाभर सगळ्या नातेवाइकांना हसत सांगितलंत, माझ्याकडे न बघता. गोळ्या सुरू झाल्याच नाहीत. वर्षाच्या आत केबिनमध्येच तुमची उजवी बाजू गेली. पुढची चार वर्षं आईने तुमचं सगळं अंथरुणात केलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती म्हणायची, "रिपोर्ट तर चांगला व्हता. माझ्याच हातून मीठ जास्त पडलं असल." तुम्हाला बोलता येत होतं, अडखळत का होईना. चहा मागायचात, पंखा वाढवायला सांगायचात. तेवढी एक गोष्ट सांगितली नाहीत. ती स्वतःला दोष देत राहिली आणि तुम्ही ऐकत पडून राहिलात. हे मी तुम्हाला माफ करणार नाही.

मी आता ज्या प्रयोगशाळेत आहे तिथे रक्तवाहिनीत बसवायचा सेन्सर बनतो, तांदळाच्या दाण्याएवढा. आत राहून रक्तदाब सतत मोजायचा आणि बाहेर कळवायचा, एवढंच त्याचं काम. अजून मेंढ्यांवरच चाचण्या चालल्या आहेत. परवा मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, "पट्ट्यापेक्षा याचा मोठा फायदा कोणता?" मी म्हटलं, "पेशंटला तो काढून मुलीच्या हाताला बांधता येत नाही." मग साहेबांनी पुढची स्लाइड लावली.

हे पत्र आईला वाचून दाखवायचं ठरवलं होतं. आता नाही दाखवणार. रिपोर्टच्या दिवशी तुम्ही दवाखान्याबाहेर कुणाशी तरी बोलत उभे होतात, तेव्हा डॉक्टरांनी मला एकटीला विचारलं होतं, "मशीन त्यांनी पूर्ण वेळ ठेवलं होतं ना?" मी हो म्हटलं. मला कुणी दटावलं नव्हतं. तुम्ही तर ऐकतही नव्हतात.