अर्शीची खाडी

सोलापूर,
ता. १९ जानेवारी २०२५

प्यारी चांदआपा,

अस्सलाम अलैकुम. आम्ही सगळे खुशाल. तुझे गुडघे कसे आहेत? दुल्हेभाई गोळ्या वेळेवर घेतात की अजून लपवून ठेवतात?

फोन सोडून पत्र लिहायला बसले म्हणून हसशील. पण तुझा फोन कायम स्पीकरवर, निम्मं दुधनी गाव ऐकतं. तुझ्या अतीकसाठी तू माझ्या अर्शीला मागितलंस, त्याचं उत्तर आपल्या दोघींतच राहिलेलं बरं. आधी कोकणात काय झालं ते ऐक की.

अर्शीला तिथं नोकरी लागून वर्ष झालं, तरी आम्ही गेलो नव्हतो. खरं तर तिचे अब्बाच टाळायचे. चाकाच्या खुर्चीतली पोर परमुलखात कसले हाल काढत असेल, ते बघवणार नाही म्हणायचे. शेवटी तिनंच हट्ट धरला. शेंगाची चटणी, कडक भाकरी बांधली आणि निघालो.

नदी समुद्राला मिळते तिथली खाडी, तीच तिच्या कामाची जागा. सरकारनं राखलेली, म्हणजे फांदी तोडायची नाही, पाखराला खडा मारायचा नाही. चिखलावरून लाकडी वाट केलीय, झाडीतून थेट पाण्यापर्यंत. बघायला तिकीट नाही. आमच्या ह्यांना ते पटेचना! दारावरच्या बाईशी हुज्जत घालत बसले, "फुकट कसं? लई लांबनं आलोय आमी, घ्या की कायतरी."

आत बघतो तर पाणीच नाही. नुसता काळा चिखल. हे कठड्याला धरून मोठ्यांदा म्हणतात कसे, "आज पाणी सोडलं न्हाय व्हय? हितं किती दिसाआड सोडतात?"

आपलं सोलापूरचं डोकं गं! नळाच्या पाळीपलीकडं काही सुचतच नाही. माणसं खो खो हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात मागून आवाज आला, "अब्बा, हितं पाणी चंद्र सोडतो. दुपारपर्यंत येईल बघा."

अर्शी! अंगात हिरवं जाकीट, गळ्यात नावाचं कार्ड, मागं शाळेच्या पोरांची रांग. ओहोटीला पाणी मागं जातं, चिखल उघडा पडतो, तेव्हाच तर पाखरं जेवायला येतात, असं तिनं सगळ्यांना समजावून सांगितलं. अब्बांना कुणी हसू नये म्हणून असं सांगितलं, की जणू त्यांनीच फार मोलाचं विचारलं होतं.

वाटेच्या तोंडाला चढ होता. ह्यांनी सवयीनं पिशवी माझ्या हातात दिली, बाह्या सारल्या आणि तिला उचलायला वाकले. शाळेच्या पायऱ्या, दवाखाना, एसटी, लग्नाचे हॉल, सगळीकडं ह्यांनीच उचललेली पोर ती. कंबर गेली, पण कधी कुरकुर केली नाही.

"राहू द्या अब्बा," ती म्हणाली. "ही वाट चाकांसाठीच केलीय."

आणि गेली की सर्रकन वर! हे तसेच वाकलेले. मी दंडाला धरून उभं केलं, तर डोळे भरून आलेले. पुढं तर आम्हीच मागं पडलो, ती थांबून वाट बघायची.

काय काय सांगत होती, आपा! तिवराच्या झाडाची मुळं श्वास घ्यायला चिखलातून वर येतात. त्याच्या पानावर मीठ साठतं. मी हळूच बोट लावून चाटलं, खरंच खारट! गुलाबी रोहित पक्ष्यांचा थवा दिसला, तेव्हा हे येईल त्याला सांगत सुटले, "आमच्या उजनीवर बी येतात ही. आणि ही सांगतीय ना, ती माझी मुलगी हाय." एका माणसाला तर दोनदा सांगितलं. माझी छाती अशी भरून आली की विचारू नको. एवढी वर्षं लोक तिच्याकडं बघून "च्‌ च्‌" करायचे. तिथं पोरं तिच्याभोवती कोंडाळं करून प्रश्न विचारत होती.

आता तुझं उत्तर. खरं तर मघापासून तेच लांबवतेय.

अम्मा गेल्यावर तू माझी वेणी घातलीस, तुझ्या ताटातलं खाऊ घातलंस. तुझा शब्द मी कधी खाली पडू दिला नाही. अतीक सोन्यासारखा पोरगा, तुझ्या मनात खोट नाही, हेही जाणते. पण तुझा निरोप होता, "तिला दुसरं कोण करणार? नोकरी सोडून येऊ दे, अतीक जन्मभर सांभाळेल." ते वाचून तेव्हा मला आधार वाटला होता. आता वाचलं तर राग आला, आपा. तुझा आला.

निघताना अर्शीनं विचारलं, "अम्मी, खालाला नाही म्हणून कोण सांगणार? तू का मी?" म्हटलं, मी सांगते.

म्हणून सांगते. हे लग्न होणार नाही. अर्शीचं नाही आहे, तिच्या अब्बांचं नाही आहे, आणि त्या दोघांनी हो म्हटलं असतं तरी माझं नाहीच असतं. रागाव, चार शब्द बोल, ईदला येऊ नको म्हण. सगळं ऐकून घेईन. पण माझ्या पोरीची कीव कुणी केलेली आता ऐकून घेणार नाही, तू केलेलीसुद्धा.

तुझ्या शब्दाबाहेर पहिल्यांदाच गेलेली, तरी तुझीच धाकटी,
झीनत